पडद्यापलीकडची हाक : व्हिडिओ कॉलवर आप्त संकटात दिसला तर मदत कशी पोहोचवावी?

आपल्या कुटुंबांतील सायंकाळच्या रोझरीचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. वेदीसमोर मेणबत्ती पेटते, घरातील वडीलधारी मंडळी गुडघे टेकतात आणि शेजारी उभ्या केलेल्या मोबाईलच्या पडद्यावर दुबई, मस्कत, टोरांटो किंवा लंडन येथील मुले-नातवंडे प्रार्थनेत सामील होतात. वसईपासून नाशिक-अहिल्यानगरपर्यंतच्या अनेक धर्मग्रामांत आज असे एकही गाव नसेल, जेथील तरुण पिढी नोकरी-शिक्षणानिमित्त दूर गेलेली नाही. मागे राहिलेले आईवडील मोठ्या घरात एकटे असतात. दररोजचा व्हिडिओ कॉल हा त्यांचा आधार असतो आणि दूरच्या मुलांच्या मनाचाही तो दिलासा असतो.

परंतु याच पडद्यावर एखाद्या दिवशी आई बोलता बोलता अडखळली, बाबा खुर्चीवरून खाली कोसळले तर काय करावे? डोळ्यांना सर्व काही दिसते, कानांना ऐकू येते. मात्र हात पोहोचत नाहीत. अशा वेळी गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. तथापि, संकटाच्या त्या काही मिनिटांत काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असेल तर दूरवर असलेली व्यक्तीदेखील प्राण वाचविण्यास साहाय्यभूत होऊ शकते. त्यासाठी आवश्यक असलेली माहिती आपण या लेखात पाहू.

शताधिपतीने काय केले?

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात कफर्णहूम येथील शताधिपतीचा प्रसंग आहे. त्याचा चाकर घरी पक्षाघाताने पडलेला होता. त्याच्याजवळ बसून हळहळ करण्याऐवजी शताधिपती प्रभू येशूकडे आला. कोण आजारी आहे, तो कोठे आहे आणि त्याला काय होत आहे, या तीन गोष्टी त्याने मोजक्या शब्दांत सांगितल्या. प्रभूने त्या चाकराला दुरूनच बरे केले. शताधिपतीच्या श्रद्धेविषयी आपण प्रवचनांतून नेहमीच ऐकतो. परंतु त्याने मदत कशी मागितली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. कोण, कोठे आणि काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आजही प्रत्येक आपत्कालीन केंद्रात सर्वप्रथम विचारली जातात.

११२ आणि १०८ : दुरून लावताना येणारी अडचण

भारतात पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठी ११२ हा एकच राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांक आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ ही विनामूल्य सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. घरातील माणसाने किंवा शेजाऱ्याने हे क्रमांक लावले की मदतीची यंत्रणा हलते. मात्र बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. हे तीन अंकी क्रमांक स्थानिक असतात. ज्या ठिकाणाहून आपण फोन लावतो, त्याच ठिकाणच्या केंद्राशी तो जोडला जातो. लंडनमधील मुलाने ११२ दाबले तर ब्रिटनमधील केंद्र उत्तर देईल; टोरांटोमधील मुलीने ९११ लावले तर तेथील केंद्र उत्तर देईल. वसईच्या घरी रुग्णवाहिका पाठविणे त्यांच्या हाती नसते. भारताचा संकेतांक +९१ लावून पुढे ११२ किंवा १०८ दाबल्यास फोन लागेलच, असा भरवसा धरता येत नाही.

भारतातल्या भारतातही हाच प्रश्न येतो. ११२ ची यंत्रणा राज्यवार आहे. बंगळुरू येथे राहणाऱ्या मुलाने ११२ लावले तर तो फोन कर्नाटकातील केंद्रात जातो. तेथून महाराष्ट्राला निरोप मिळू शकतो, पण त्यात मोलाचा वेळ जातो. याउलट पुण्यात किंवा नाशिकात असलेल्या मुलाने १०८ लावून वसईचा पत्ता सांगितला, तर राज्य एकच असल्यामुळे काम सोपे होते.

दुसरी अडचण ठिकाणाची. आपत्कालीन केंद्राला फोन करणाऱ्याचे ठिकाण कळू शकते, रुग्णाचे नव्हे. इंटरनेटवरून चालणाऱ्या व्हिडिओ कॉलमधून तर पत्ता कोणालाच आपोआप समजत नाही. म्हणून दुरून फोन करणाऱ्याने पहिल्याच वाक्यात, 'मी स्वतः येथे नाही, रुग्ण अमुक गावी आहे,' असे स्पष्ट सांगावे.

आधी करावयाची तयारी

संकटाच्या वेळी इंटरनेटवर क्रमांक शोधत बसणे धोक्याचे असते. तेथे जुने, बंद पडलेले आणि कधी कधी फसवणूक करणाऱ्यांनी टाकलेले क्रमांकही सापडतात. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक लहानशी यादी आजच तयार करावी व ती दूरच्या प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये आणि भिंतीवरील कॅलेंडरजवळ कागदावर ठेवावी. त्या यादीत पुढील गोष्टी असाव्यात.

१. भिंतीला भिंत लागून असलेल्या किमान दोन शेजाऱ्यांचे क्रमांक. एकजण कामावर गेलेला असेल तर दुसरा उपयोगी पडतो.

२. जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागाचा आणि जवळच्या खासगी रुग्णवाहिकेचा पूर्ण क्रमांक. परदेशातून लावता यावा म्हणून तो +९१ सह लिहावा. दूरध्वनी असल्यास शहराचा संकेतांक शून्य वगळून लिहावा. उदाहरणार्थ, वसईसाठी +९१ २५० आणि मुंबईसाठी +९१ २२.

३. स्थानिक पोलीस ठाण्याचा आणि धर्मग्राम कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक.

४. घराचा पूर्ण पत्ता व खूण. आपल्या गावांत अनेक घरांना ठळक क्रमांक नसतो. आळीचे नाव, जवळचा क्रूस, बावखल, शाळा किंवा दुकान अशी खूण लिहावी. रुग्णवाहिका अंगणापर्यंत येऊ शकते की आळीच्या तोंडाशीच थांबते, हेही नमूद करावे. घराच्या अंगणात उभे राहून नकाशावरील ठिकाण एकदा जतन करावे व मुलांना पाठवून ठेवावे.

५. रुग्णाचे वय, आजार, नेहमीची औषधे आणि औषधांची ॲलर्जी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचे नाव आवर्जून लिहावे. स्मार्टफोनमध्ये कुलूप न उघडताही दिसणारी वैद्यकीय माहिती भरण्याची सोय असते. ती भरून ठेवावी.

यादीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे किल्ली. रात्रीच्या वेळी वृद्ध मंडळी आतून कडी लावतात, लोखंडी जाळीला कुलूप घालतात. शेजारी धावत आला तरी दारातच अडकतो. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी आणि एकट्या राहणाऱ्या व्यक्तीने बाहेरून उघडता येईल असेच कुलूप वापरावे. यादीतील क्रमांक वर्षातून दोनदा प्रत्यक्ष लावून पाहावेत. आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ सुरू होताना हे काम करण्याची सवय लावून घेतली तर विसर पडणार नाही.

त्या काही मिनिटांत

समजा, कॉल चालू असताना आई कोसळली. अशा वेळी पुढील क्रमाने वागावे.

प्रथम, व्हिडिओ कॉल बंद करू नये. तोच आपला डोळा आहे. मोठ्याने नाव घेऊन हाक मारावी. उत्तर मिळते का, श्वासागणिक छाती वर-खाली होते का, रक्तस्राव आहे का, हे पाहावे.

त्यानंतर लगेच दुसऱ्या फोनवरून शेजाऱ्याला बोलवावे. हातातील फोनवर नेहमीचा कॉल लावल्यास चालू व्हिडिओ कॉल थांबण्याचा संभव असतो. म्हणून पत्नी, पती, मित्र किंवा खोलीतील सोबत्याचा फोन घ्यावा. शेजाऱ्याला 'जरा बघून ये' असे मोघम सांगू नये. 'आई स्वयंपाकघरात पडली आहे, बोलत नाही. किल्ली घेऊन आत जा आणि तुमच्या फोनवरून १०८ लावा,' असे नेमके सांगावे. शेजाऱ्याने लावलेला फोन योग्य केंद्रात पोहोचतो. साध्या कळीच्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरूनही आपत्कालीन कॉल करण्याची सोय २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये सक्तीची करण्यात आली आहे.

या ठिकाणी एक चूक सर्रास घडते. घाबरलेला मुलगा कुटुंबाच्या, गावाच्या आणि समूहाच्या व्हॉट्सॲप गटांवर एकाच वेळी संदेश टाकतो. शंभर जण तो वाचतात, हात जोडल्याच्या खुणा पाठवतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कोणीतरी रुग्णवाहिका बोलावली असेल. म्हणून काम नेहमी एका व्यक्तीचे नाव घेऊन सांगावे : एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने आळीच्या तोंडाशी दिवा घेऊन उभे राहावे, तिसऱ्याने औषधांची पिशवी व आधार कार्ड घ्यावे. गटावर बातमी देण्याचे काम शेवटी.

शेजारी आत पोहोचल्यावर त्याला फोन रुग्णाकडे रोखून ठेवायला सांगावे. आपत्कालीन केंद्रातील व्यक्ती ज्या सूचना देईल, त्या पाळाव्यात. रुग्णवाहिका येईपर्यंत कॉल चालू ठेवावा. आपल्या शांत आवाजाने रुग्णाला आणि मदत करणाऱ्यालाही धीर येतो.

पडद्यावर काय ओळखावे?

पक्षाघात (स्ट्रोक) : चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली दिसणे, दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक हात खाली येणे, बोलणे बोबडे किंवा असंबद्ध होणे, ही लक्षणे पडद्यावर स्पष्ट दिसतात. यांपैकी एक जरी दिसले तरी उद्या सकाळपर्यंत वाट पाहू नये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, 'रुग्ण शेवटचा नीट केव्हा होता?' दूरच्या मुलापाशी याचे उत्तर असू शकते. फोनमधील कॉलच्या नोंदीत वेळ उमटलेली असते. आई कालच्या आठच्या कॉलवर व्यवस्थित बोलत होती की आताच्या कॉलच्या पाचव्या मिनिटाला अडखळली, हे ठामपणे सांगता येते. ही वेळ कागदावर लिहून रुग्णासोबत जाणाऱ्याला कळवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच नेण्याचा आग्रह धरावा. घड्याळे वेगवेगळ्या देशांची असल्याने वेळ भारतीय प्रमाणवेळेत सांगावी. पाणी, चहा किंवा गोळी तोंडात घालू नये. गिळता न आल्यास ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

हृदयक्रिया बंद पडणे : रुग्ण हाकेला प्रतिसाद देत नाही आणि श्वास घेत नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा श्वास घेतो, तर हृदय थांबले आहे असे समजावे. आचके म्हणजे श्वास नव्हे. मदतीला आलेल्याने रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबावे. प्रौढ व्यक्तीसाठी छाती सुमारे ५ सेंटीमीटर खाली जावी आणि मिनिटाला १०० ते १२० दाब पडावेत. प्रशिक्षण नसलेल्या माणसानेही केवळ हातांनी दाब देणे योग्य ठरते. पडद्यापलीकडील मुलाने मोठ्याने 'एक, दोन, तीन' असे आकडे मोजून त्याला लय द्यावी. दाबणारा थकला की दुसऱ्याला पुढे व्हायला सांगावे. पडद्यापलीकडून करता येण्यासारखी ही फार मोठी मदत आहे.

साखर कमी होणे : मधुमेही व्यक्तीला दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. व्यक्ती शुद्धीत असून गिळू शकत असेल तर साखर, गूळ किंवा ग्लुकोज घ्यायला सांगावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून रुग्णवाहिकेची वाट पाहावी.

झटका (फिट) : कांदा किंवा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे हे प्रकार करू देऊ नयेत. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, झटका ओसरल्यावर कुशीवर वळवावे आणि झटका किती वेळ चालला हे घड्याळात पाहावे. पाच मिनिटांहून अधिक काळ चालल्यास तो तातडीचा प्रसंग समजावा.

शरीराप्रमाणेच मनही कोसळते. व्हिडिओ कॉलवर एखादी व्यक्ती जगण्याचा कंटाळा आल्याचे किंवा जीव देण्याचे बोलू लागली तर तिला उपदेश करू नये, कॉलही तोडू नये. ती कोठे आहे हे सौम्यपणे विचारावे, तिच्याशी बोलत राहावे आणि दुसऱ्या फोनवरून तिच्याजवळच्या माणसाला तेथे पाठवावे. 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची शासकीय मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. परंतु जिवाला तत्काळ धोका असेल तर घटनास्थळाजवळच्या माणसाने ११२ लावणेच योग्य.

आई-बाबा इकडे, संकट तिकडे

कधी प्रसंग उलटा असतो. आखातात एकटा राहणारा मुलगा किंवा परदेशी शिकणारी मुलगी पडद्यावर कोसळते आणि आईवडील गावी असहाय होतात. इथून त्या देशाचा तीन अंकी क्रमांक लागत नाही. म्हणून मुलाच्या खोलीतील सोबती, घरमालक, कंपनीचा सुरक्षा विभाग किंवा विद्यापीठाचा सुरक्षा कक्ष यांचे पूर्ण क्रमांक पालकांपाशी असावेत. तेथील माणसाने मग स्थानिक क्रमांक लावावा : संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८, ओमानमध्ये ९९९९, कतारमध्ये ९९९, कुवेतमध्ये ११२, इस्रायलमध्ये १०१, कॅनडा व अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९ आणि ऑस्ट्रेलियात ०००. तसेच त्या देशातील भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांकही आधीच लिहून ठेवावा.

आपल्यापैकी अनेकांची मुले जहाजांवर नोकरीस आहेत. प्रत्येक जहाज कंपनीला सुरक्षिततेसाठी किनाऱ्यावरील एक जबाबदार अधिकारी नेमावा लागतो. त्या अधिकाऱ्याचा क्रमांक जहाजावर चढण्यापूर्वी मुलाकडून मागून घ्यावा. जहाजाच्या कप्तानापर्यंत पोहोचण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेची 'स्टेला मारिस' ही खलाशांसाठीची सेवाही जगातील अनेक बंदरांत खलाशांना व त्यांच्या कुटुंबांना साहाय्य करते.

ऑनलाईन डॉक्टर आणि रुग्णालय

करोना महामारीच्या काळात, २५ मार्च २०२० रोजी, भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेणे त्यामुळे नियमबद्ध झाले. परंतु तातडीच्या प्रसंगी असा सल्ला प्रथमोपचार, जीवरक्षक उपाय आणि रुग्णालयात पाठविण्यापुरताच मर्यादित असावा, असे त्याच तत्त्वांत म्हटले आहे. म्हणून छातीत दुखत असताना ऑनलाईन डॉक्टरांची वाट पाहत बसू नये. सल्ला सुरू होताना रुग्ण या क्षणी कोठे आहे व जवळ कोण आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

रुग्णाला घेऊन गेलेल्या शेजाऱ्याला रुग्णालयात अडवतील, पोलिसांचा ससेमिरा लागेल, अशी भीती काही जणांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे की, जखमी व्यक्तीचा जीव वाचविणे हे शासकीय असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे आद्य कर्तव्य आहे. कायदेशीर सोपस्कार त्यानंतर. शेजाऱ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

प्रार्थना आणि संस्कार

अशा प्रसंगी धर्मगुरूंना कळवावयाचे विसरू नये. रुग्णाभ्यंग संस्कार फोनवरून किंवा पडद्यावरून देता येत नाही. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने ख्रिस्तमंडळीच्या वडिलांना बोलवावे, असे सांगितले आहे. धर्मगुरूंनी प्रत्यक्ष येऊन तेल लावणे व प्रार्थना करणे हे त्या संस्काराचे अंग आहे. म्हणून रुग्णवाहिका निघाली की धर्मग्राम कार्यालयाला रुग्णालयाचे नाव कळवावे. मात्र क्रम सोडू नये : आधी रुग्णवाहिका, मग धर्मगुरू. हा संस्कार केवळ मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्यांसाठीच आहे, ही समजूतही चुकीची आहे. गंभीर आजारात बळ मिळावे म्हणूनही तो घेता येतो.

धर्मगुरू वेळेत पोहोचू शकले नाहीत तर काय? मरणासन्न व्यक्तीचे अंतःकरण योग्य असेल आणि तिने हयातीत प्रार्थनेची सवय जपली असेल, तर ख्रिस्तसभा अशा व्यक्तीला पापदंडाची पूर्ण माफी बहाल करते. महामारीच्या काळात, २० मार्च २०२० रोजी, व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शरी या कार्यालयाने आपल्या आदेशपत्रात याचे स्मरण करून दिले. दूरचा मुलगा पडद्यावरून येशूचे नाव घेऊ शकतो, पश्चात्तापाची प्रार्थना आईच्या कानी पडेल अशा आवाजात म्हणू शकतो. ही प्रार्थना वाया जात नाही.

धर्मग्रामाची जबाबदारी

मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याला चार जणांनी उचलून आणले आणि वाट मिळेना तेव्हा छप्पर उघडून खाली सोडले. एकट्याने ते काम झाले नसते. एकाकी राहणाऱ्या वृद्धांसाठी असे चार जण प्रत्येक समूहात उभे करता येतील. समूहप्रमुखांनी आपल्या भागातील एकट्या वृद्धांची व त्यांच्या दूरच्या मुलांच्या क्रमांकांची यादी त्यांच्या संमतीने ठेवावी. धर्मग्रामाने वर्षातून एकदा डॉक्टर-परिचारिकांच्या साहाय्याने छाती दाबण्याचे प्रशिक्षण सभागृहात द्यावे. ऑनलाईन रोझरी, बायबल वर्ग किंवा समुपदेशन चालविणाऱ्यांनी सहभागी व्यक्ती कोठून बोलत आहे व जवळचा माणूस कोण, एवढी नोंद आपल्यापाशी ठेवावी. कारण पडद्यावरील चौकटीत चेहरा दिसतो, पत्ता दिसत नाही. आणि कोणाच्याही संकटाचे चित्रण करून ते पुढे पाठवू नये. वेदनेलाही प्रतिष्ठा असते.

बंधुभगिनींनो, तंत्रज्ञानाने दूरच्या माणसाचे मुख जवळ आणले, तरी त्याच्या दाराशी धावून जाणारा शेवटी शेजारीच असतो. चांगल्या शोमरोनी माणसाला जखमी मनुष्याची भाषा, जात वा नाते विचारण्याची गरज भासली नाही. येत्या रविवारी मिस्साबलिदानानंतर घरी गेल्यावर आपली यादी तयार करावी, शेजाऱ्याला किल्ली द्यावी आणि त्याची किल्ली आपण घ्यावी. दूर असलेल्या प्रत्येक लेकरावर आणि एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धावर दयासागर परमेश्वराची कृपादृष्टी राहो आणि त्याच्या कृपेचे हात होण्याचे भाग्य आपणांस लाभो, हीच प्रार्थना.